डोळ्यांसमोर चित्र उभं राहत नाही, मग प्रतिमा वाचायच्या कशा?

पत्र : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी साहित्य. वर्गात कविता वाचून झाली की सगळे म्हणतात, ‘अगदी डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं.’ माझ्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. उत्तरपत्रिकेत मी ‘या ओळीत गंधप्रतिमा आहे, तिच्यामुळे वातावरणनिर्मिती होते’ इथपर्यंत येते आणि अडते. शेजारी लाल शाईत शेरा असतो, ‘म्हणजे काय?’ एकदा धीर करून बराच अर्थ लावला, तर ‘ओढूनताणून’ असा शेरा मिळाला. कमी लिहिलं तरी चुकतं, जास्त लिहिलं तरी चुकतं. संवेदनांच्या प्रतिमा वाचायच्या कशा, हे नीट समजावून सांगाल का?

उत्तर :

तुमच्या पत्रात दोन अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. मनात चित्र न दिसणं ही एक आणि प्रतिमेचा अर्थ न लावता येणं ही दुसरी. पहिलीमुळे दुसरी उद्भवते असं तुम्ही धरून चालला आहात, आणि तिथेच उगाच हिंमत खचते आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारच थोडा संबंध आहे.

मनात चित्र उभं करण्याची क्षमता माणसागणिक खूप वेगळी असते. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1880 च्या सुमारास लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं आणि काय दिसतं ते विचारलं. काहींना वस्तू रंगांसकट लख्ख दिसल्या, काहींना अंधुक, तर काहींना काहीच दिसलं नाही. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांच्या या स्थितीला मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं. हा आजार नाही, बुद्धी कमी असल्याची खूण तर मुळीच नाही. तुम्ही त्यांतल्या आहात की चित्र नुसतं पुसट येतं म्हणून तुम्हाला ते जमेस धरावंसं वाटत नाही, हे पत्रावरून सांगता येणार नाही आणि त्याने फरकही पडत नाही. ज्यांना चित्र लख्ख दिसतं त्यांची उलटी अडचण होते. ‘खिडकीपाशी म्हातारी बसली होती’ एवढंच वाचून त्यांना स्वतःच्या आजीचा चेहरा, तिची साडी, खिडकीचे गज सगळं दिसतं, आणि उत्तरात ते लिहितात ते मजकुरात नसतंच. तुमच्यापुढे फक्त शब्द आहेत. अर्थ लावायला लागतात ते शब्दच.

आता मुख्य मुद्दा. ‘ही गंधप्रतिमा आहे’ हे वर्गीकरण झालं, अर्थ लावायला अजून सुरुवातही झालेली नाही. आणि ‘वातावरणनिर्मिती होते’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही उताऱ्याखाली खपून जातं, म्हणूनच तपासणारा विचारतो, म्हणजे काय? प्रतिमेचा अर्थ सापडतो तो अशा प्रश्नांतून : ही संवेदना कोणाच्या शरीराला होते आहे? नेमकी याच क्षणी का? तिच्या आधी आणि नंतर काय आहे? आणि कोणती संवेदना इथे असायला हवी होती, पण नाही? हे प्रश्न हवेत विचारून उपयोग नाही, म्हणून या उत्तरासाठी एक छोटा उतारा लिहिला आहे. तो आधी एकदा सलग वाचा, पेन हातात न घेता.

> दादाने दार उघडलं. आत नव्या रंगाचा वास होता. सुधाकर खुर्चीच्या कडेवर टेकला. पंखा दर फेऱ्याला एकदा खट्‌ करत होता. वहिनीने आणून ठेवलेल्या पेल्यावर बाहेरून थेंब जमले, ओघळले, टेबलावर त्यांचं गोल डबकं झालं. “बरं चाललंय ना?” दादा म्हणाला. “हो.” सुधाकरने पेला उचलला, खालच्या ओल्या वर्तुळावरून बोट फिरवलं आणि पेला पुन्हा बरोबर त्याच जागी ठेवला. रंगाचा वास आता घशात उतरला होता.

नेहमीच्या पद्धतीने इथे चार नावं लिहून मोकळं होता येईल : रंगाचा वास म्हणजे गंधप्रतिमा, पंखा म्हणजे ध्वनिप्रतिमा, थेंब म्हणजे दृश्यप्रतिमा, ओलं बोट म्हणजे स्पर्शप्रतिमा. चारही बरोबर, आणि चारही मिळून काहीच सांगत नाहीत.

पहिला प्रश्न घ्या : कोणाच्या शरीराला? निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण वास घशात उतरतो तो सुधाकरच्या. दादाला काय जाणवतं, वहिनीला काय जाणवतं, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे ही खोली आपल्याला सुधाकरच्या अंगातून कळते आहे. हाच रंगाचा वास दादाच्या बाजूने आला असता तर त्यात घर नवं केल्याचं समाधान असू शकलं असतं. वास तोच, पण तो ज्याच्या नाकात जातो त्याच्यानुसार त्याचं मोल बदलतं. विद्यार्थ्यांकडून सगळ्यांत जास्त वेळा निसटतो तो हा मुद्दा, कारण प्रतिमा ओळीत सापडली की ती ‘कवीची’ किंवा ‘लेखकाची’ म्हणून लिहून टाकायची सवय असते. लेखकाने ती कोणाच्या तरी हवाली केलेली असते. त्या माणसाचं नाव तुमच्या वाक्यात आलंच पाहिजे.

नंतर पाहा, दिसतं काय? पेला, थेंब, टेबलावरचं डबकं. दिसत नाही काय? दादाचा चेहरा. भिंतींचा नवा रंगसुद्धा दिसत नाही, फक्त त्याचा वास येतो. वहिनीचा तर उल्लेखच ‘आणून ठेवलेल्या’ या शब्दांत उरकला आहे. उताऱ्यातली दृश्यं बहुतेक टेबलाच्या उंचीवर आहेत, त्यावरून सुधाकरची नजर खाली आहे हे कळतं. ‘त्याने मान खाली घातली’ असं कुठेही लिहिलेलं नसताना कळतं. एखाद्या इंद्रियाची गैरहजेरी नोंदवायची असते ती यासाठी. दोन माणसं समोरासमोर बसली आहेत आणि मजकुरात चेहरा नाही, हे आपोआप घडत नाही.

पंख्याचं खट्‌ ऐकू येतं कारण कोणी बोलत नाही. आणि थेंबांचं काय चाललं आहे? गार पेल्याच्या पृष्ठभागावर हवेतलं बाष्प जमून थेंब होतात, ते मोठे होऊन ओघळतात, मग खाली पाणी साठतं. याला काही मिनिटं लागतात. ‘जमले, ओघळले, डबकं झालं’ या तीन क्रियापदांत ती मिनिटं मोजली गेली आहेत, आणि त्यांच्यानंतर कुठे दादाचं पहिलं वाक्य येतं. ‘बराच वेळ कोणी बोललं नाही’ हे सांगितलेलं नाही, पण ते घडलेलं आहे. दृश्यप्रतिमा इथे काळ दाखवण्याचं काम करते. तुमच्या उत्तरात ‘वातावरणनिर्मिती’च्या जागी असं नेमकं काम लिहायचं : प्रतिमा काळ दाखवते, अंतर दाखवते, नजर कुठे आहे ते दाखवते, पात्र जे बोलत नाही ते दाखवते.

आता शेवटचं वाक्य. सुधाकर पेला उचलतो, पण पिण्याचा उल्लेख नाही. बोट फिरवतो, पेला जागेवर ठेवतो. घशात जायला हवं होतं पाणी, गेला वास. इथे आणखी एक बारकावा आहे. एखाद्या खोलीत थोडा वेळ बसलं की तिथल्या वासाला नाक सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. उताऱ्यात उलट होतं, वास वाढतो, नाकातून घशात उतरतो. शरीराच्या नेहमीच्या रीतीविरुद्ध जेव्हा एखादी संवेदना वाढते किंवा बदलते, तेव्हा तिचं कारण खोलीत शोधू नका, माणसात शोधा. वास वाढलेला नाही, सुधाकरला तिथे बसणं अवघड झालं आहे. संवेदना वास्तवात कशी वागते याची साधी माहिती अर्थ लावताना फार उपयोगी पडते, आणि त्यासाठी वेगळा अभ्यास लागत नाही. ‘खरं तर इथे काय व्हायला हवं होतं?’ असं स्वतःला विचारायचं, बस्स.

एवढ्या आठ-नऊ वाक्यांत विशेषणं किती आहेत ते मोजा. संवेदना सांगणारी तीन : नव्या, गोल, ओल्या. बाकी सगळं काम क्रियापदांनी केलं आहे. विद्यार्थी प्रतिमा शोधताना ‘सोनेरी’, ‘मखमली’, ‘धुंद’ अशा शब्दांखाली रेघा मारतात, कारण विशेषणं लगेच डोळ्यांत भरतात. ‘टेकला’च्या जागी ‘बसला’ घालून पाहा. सुधाकर लगेच घरचा होतो. म्हणून दुसऱ्या वाचनात विशेषणांपेक्षा क्रियापदांखाली आधी रेघा मारा.

आता पाच इंद्रियांबद्दल. ही यादी तोंडपाठ असणं बरं, पण ती अपुरी आहे. थंडी-ऊब, दुखणं, तोल जाणं, धाप, भूक, छातीतली धडधड, अंधारातही आपला हात कुठे आहे हे कळणं, या सगळ्या शरीराच्या जाणिवाच आहेत आणि पाचांतल्या एकाही खणात नीट बसत नाहीत. ‘पायऱ्या उतरताना शेवटची पायरी नव्हतीच’ या वाक्यात रंग, वास, आवाज काही नाही, तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अशी वाक्यं ‘यात प्रतिमा नाही’ म्हणून सोडली जातात. सोडू नका, बऱ्याचदा उताऱ्यातली सगळ्यांत बळकट जागा तीच असते.

याहून महत्त्वाचं म्हणजे इंद्रियांतलं अंतर. पाहायला आणि ऐकायला वस्तू लांब असली तरी चालते. स्पर्शाला ती अंगाला लागावी लागते, चवीला तर तोंडात घ्यावी लागते. वास या दोन्हींच्या मधे आहे : वस्तू लांब असते, पण तिचे कण श्वासाबरोबर आत येतात. डोळे मिटता येतात, हात मागे घेता येतो, तोंड घट्ट बंद ठेवता येतं, श्वास मात्र फार वेळ रोखता येत नाही. म्हणून जे पात्राला नको असतं ते लेखक पुष्कळदा वासातून आणतात, आणि ज्याला पात्र परवानगी देतं ते स्पर्शातून किंवा चवीतून. कोणत्याही उताऱ्यात किंवा कवितेत इंद्रियांचा क्रम लिहून काढा. लांबची इंद्रियं आधी आणि जवळची नंतर आली, तर कोणीतरी कशाच्या तरी जवळ जातं आहे. प्रेमकवितेत हा क्रम वारंवार दिसतो. उलट, स्पर्शाने सुरू झालेली कविता नुसत्या पाहण्यावर येऊन थांबली, तर बहुतेक वेळा काहीतरी हातातून सुटलेलं असतं. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द इथे मुद्दाम आहेत. हा नियम नाही, शोध कुठून सुरू करायचा याची जागा आहे.

वासाबद्दल विद्यार्थ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘गंधामुळे आठवणी जाग्या होतात.’ त्यामागे तथ्य आहे. मेंदूत वासाची वाट भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत इतर संवेदनांच्या मानाने थेट जाते. पण म्हणून प्रत्येक गंधप्रतिमा आठवणीची ठरत नाही. वरच्या उताऱ्यात आठवणीचा मागमूसही नाही. मजकूर भूतकाळात गेला तरच आठवण लिहा.

आता ‘ओढूनताणून’चा भाग. तुम्ही जास्त लिहिलंत म्हणून हा शेरा आला नसावा. आधार न दाखवता लिहिलंत म्हणून आला असण्याची शक्यता अधिक आहे. त्याच उताऱ्याबद्दल ही चार विधानं पाहा. ‘सुधाकर खुर्चीच्या कडेवर टेकतो’ हे मजकुरातलंच आहे. ‘सुधाकरला त्या घरात परकं वाटतं’ हा निष्कर्ष आहे, पण त्याला कडेवर टेकणं, न प्यायलेलं पाणी, एका शब्दाचं उत्तर आणि पेला हुबेहूब जागेवर ठेवणं, असे चार टेकू आहेत. ‘घराला रंग काढल्याचं दादाने त्याला कळवलं नव्हतं’ ही शक्यता आहे. मजकूर तिला विरोध करत नाही, पण सिद्धही करत नाही. ती ‘कदाचित’ लावून एका वाक्यात लिहावी आणि तिच्यावर पुढचा इमला बांधू नये. ‘रंग म्हणजे घराण्याच्या जुन्या पापांवर घातलेलं पांघरूण’ हे मात्र ओढूनताणून झालं, कारण ना घराण्याचा उल्लेख आहे, ना पापाचा, ना रंगाखाली दबलेल्या जुन्या कशाचा.

स्वतःसाठी नियम असा ठेवा : प्रत्येक निष्कर्षाला मजकुरातल्या निदान दोन वेगवेगळ्या जागांचा आधार. एकाच शब्दावर उभा असलेला अर्थ शक्यता म्हणून लिहायचा. आधार एकही नसेल तर अर्थ कितीही सुंदर असो, तो सोडून द्यायचा. हे सोडणं जड जातं, कारण सुचलेला अर्थ आपल्याला फार आवडलेला असतो. पण नेमकं तिथेच वाचन आणि कल्पनारंजन यांची फारकत होते.

आधार तपासायला दोन युक्त्या चांगल्या उपयोगी पडतात. पहिली, काढून पाहणे. ‘रंगाचा वास आता घशात उतरला होता’ हे वाक्य झाका आणि उतारा वाचा. आता तो पेला जागेवर ठेवण्यापाशी संपतो, आणि सुधाकर नीटनेटका, स्वतःवर ताबा असलेला माणूस वाटतो. वाक्य परत आणलं की तो ताबा वरवरचा होता हे कळतं. झाकल्यावर जे हरवतं तेच त्या प्रतिमेचं काम, तेच उत्तरात लिहायचं. झाकून काहीच हरवलं नाही, तर ती प्रतिमा सजावटीची आहे. अशा प्रतिमाही असतात, नावाजलेल्या लेखकांच्याही असतात, आणि तसं म्हणायला घाबरू नये.

दुसरी युक्ती, बदलून पाहणे. नव्या रंगाच्या जागी ‘बंद खोलीचा कुबट वास’ घाला. लगेच दादाचं घर पडीक होतं, सुधाकरला त्याची कणव येते आहे असं वाटू लागतं. म्हणजे नव्या रंगाने काय केलं होतं? हे घर सुधाकरवाचून छान चाललं आहे, हे सांगितलं होतं. बदल करताना इंद्रिय तेच ठेवा आणि वस्तू बदला, किंवा वस्तू तीच ठेवून इंद्रिय बदला. दोन्ही एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

आणखी एक खोड मोडायला हवी : प्रतीकांचा तयार तक्ता. पांढरा म्हणजे शांतता, लाल म्हणजे क्रोध, पाऊस म्हणजे दुःख. पांढरा शोकाचाही असतो आणि कोऱ्या कागदाचाही, पाऊस सुटकेचाही असतो आणि नुसत्या चिखलाचाही. आपल्या काव्यशास्त्राने हे फार आधी ओळखलं होतं. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या विभावाच्या, म्हणजे भावना जागवणाऱ्या कारणाच्या, कल्पनेवरून पुढे आलंबन आणि उद्दीपन असा भेद केला जाऊ लागला. ज्याच्याबद्दल भावना आहे ते आलंबन, आणि ती भावना चेतवणारी आजूबाजूची परिस्थिती, म्हणजे चांदणं, वारा, बाग, ऋतू, हे उद्दीपन. एकत्र असलेल्या प्रेमिकांना जे चांदणं गार वाटतं तेच विरहात पोळतं, ही जुन्या काव्यातली सर्वपरिचित रीत आहे. चांदण्याला स्वतःचा ठरलेला अर्थ नाही, ते कोणत्या भावनेला हवा देतं त्यावर सगळं अवलंबून आहे. पुढच्या वेळी ‘वातावरणनिर्मिती’ लिहायचा मोह झाला की स्वतःला विचारा, उद्दीपन कशाचं?

जुन्या मजकुरात एक सावधगिरी जास्त लागते. कंदिलाची काजळी, रॉकेलचा वास, चुलीचा धूर आज वाचताना उठून दिसतात, कारण आपल्यापैकी अनेकांच्या दिवसात ते राहिलेले नाहीत. त्या काळच्या वाचकाला ते इतके नेहमीचे होते की लेखकाने ते केवळ खोलीत असतात म्हणून लिहिले असतील. लेखक त्या वस्तूकडे पुन्हा वळतो का, तिच्यावर वाक्य खर्च करतो का, ते बघा. नुसता उल्लेख असेल तर अर्थ लादू नका.

एका इंद्रियाची गोष्ट दुसऱ्या इंद्रियाला लावणं, ज्याला इंद्रियव्यत्यय म्हणतात, ते दिसलं की विद्यार्थी हमखास थांबतात आणि त्याला आधुनिक कवितेची करामत म्हणतात. ते फार जुनं आहे. ज्ञानेश्वरीत, म्हणजे 1290 मध्ये, सहाव्या अध्यायात ‘श्रवणींचि होति जिभा’ असं येतं : बोल इतके रसाळ की त्यांच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतात. आणि लगेच, या बोलांवरून इंद्रियांमध्ये आपसांत भांडण लागतं. इथे व्यत्ययाला कारण आहे. प्रत्येक इंद्रियाला ते बोल आपलेच वाटतात, इतकी त्यांची गोडी आहे. इंद्रियव्यत्यय सापडला की हेच शोधायचं : एक इंद्रिय अपुरं का पडलं? कान असताना जीभ का लागली?

मात्र ‘गोड आवाज’, ‘थंड नजर’, ‘तिखट बोलणं’, ‘कडू अनुभव’ हे सगळे मूळचे इंद्रियव्यत्ययच असले तरी रोजच्या वापराने गुळगुळीत झाले आहेत. त्यांच्यावर परिच्छेद लिहिणं हे हमखास ओढूनताणून दिसतं. अपवाद एकच : लेखकाने तो शब्द पुन्हा जागा केला असेल तर. ‘त्याची नजर थंड होती’ हे सोडून द्या. ‘त्याची नजर थंड होती, तिने पदर घट्ट ओढून घेतला’ इथे थांबा, कारण आता ती थंडी कोणाच्या तरी अंगाला लागली आहे.

कवितेत नादाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं आणि त्याला एकच उपाय आहे, मोठ्याने वाचणे. मराठीत पावसाला रिपरिप, भुरभुर, सर, झोड, मुसळधार असे कितीतरी शब्द आहेत, आणि कवीने त्यांतला एक निवडतानाच पावसाबद्दल मत दिलेलं असतं. रिपरिप म्हटलं की आवाजाबरोबर कंटाळाही येतो. पण एकेका अक्षराला ठरावीक भाव चिकटवू नका. ‘क’ कठोर असतो असं लिहून झाल्यावर ‘कोवळं’ आणि ‘कोमल’ यांचं काय करायचं? नादाचा अर्थ ओळीच्या अर्थाशी मेळ खात असेल, किंवा मुद्दाम विसंगत असेल, तरच त्याची दखल घ्या.

आता लिहिण्याबद्दल. दहा-पंधरा ओळींचा उतारा असेल तर तीन वाचनं पुरतात. पहिलं सलग, काही खूण न करता. दुसऱ्यात शरीराला जाणवणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली रेघ, क्रियापदं आधी. तिसऱ्यात कच्च्या कागदावर चार रकाने : शब्द, कोणाला जाणवतं, आधी-नंतर काय, काढलं तर काय हरवतं. इंद्रियाचं नाव हवं तर कोपऱ्यात लिहा, त्याला रकाना नको. घरी सरावाला हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. परीक्षेत रकाने मनातच भरावे लागतात, पण महिनाभर कागदावर भरले असतील तर ते जमतं.

आठ-दहा प्रतिमा सापडल्या तरी दीडशे शब्दांच्या उत्तरात दोनच घ्या, फार तर तीन. सगळ्या घेण्याच्या नादात प्रत्येकीच्या वाट्याला एकेक वाक्य येतं, आणि ते वाक्य मग पुन्हा ‘इथे स्पर्शप्रतिमा आहे’ असंच होतं. निवडताना ज्या दोन प्रतिमा एकमेकींशी बोलतात त्या घ्या. आपल्या उताऱ्यात न प्यायलेलं पाणी आणि घशात उतरलेला वास ही अशी जोडी आहे. अवतरण दोन ते पाच शब्दांचं पुरतं, आख्खी ओळ उतरवली की आपण तिच्यातल्या कशाबद्दल बोलतो आहोत ते धूसर होतं.

फरक दिसावा म्हणून दोन उत्तरं शेजारी ठेवते. पहिलं : ‘लेखकाने गंध, ध्वनी, दृश्य आणि स्पर्श या प्रतिमांचा प्रभावी वापर करून तणावपूर्ण वातावरण निर्माण केले आहे.’ यात चूक काहीच नाही, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. दुसरं : ‘भावांमधला दुरावा उताऱ्यात कोणी बोलून दाखवत नाही, तो सुधाकरच्या शरीरातून कळतो. पेल्यावरचे थेंब “जमले, ओघळले” एवढा वेळ दोघे गप्प आहेत. सुधाकर पेला उचलतो, पण पाणी न पिता “त्याच जागी” ठेवतो. या घरातलं काही घेणं किंवा हलवणं त्याला जमत नाही. ज्या घशाखाली पाणी उतरलं नाही तिथे शेवटी रंगाचा वास “उतरला होता”. या घराचं नवेपण तो टाळू शकत नाही आणि स्वीकारूही शकत नाही.’ दुसऱ्या उत्तरात ‘प्रतिमा’ हा शब्दच नाही, हे लक्षात आलं का? प्रश्नात संज्ञा विचारली असेल तर ती एकदा घालावी, पहिल्या वाक्यातच, आणि पुढे जावं.

सरावाला सुरुवात गद्यापासून करा. कथेतला कोणताही परिच्छेद चालेल, फक्त त्यात दोन माणसं एका जागी असावीत, म्हणजे ‘कोणाच्या शरीराला’ हा प्रश्न विचारता येतो. कवितेत बोलणारा कोण आहे हेच आधी ठरवावं लागतं, त्यामुळे तिथे पहिल्याच पायरीवर अडखळायला होतं. आठवड्याला दोन परिच्छेद पुरेत. महिन्याभराने आठ-दहा ओळींची कविता घ्या आणि चार रकान्यांतला दुसरा रकाना सगळ्यांत आधी भरा. तो भरता येत नसेल तर कवितेतली सर्वनामं आणि क्रियापदांची रूपं तपासा, बोलणारा बहुतेक तिथेच सापडतो.